सुरतेची घरे आणि त्यांचे मोल

१६६६ च्या आरंभी ज्यां द थेवनो नावाचा एक फ्रेंच प्रवासी सुरत बंदरात उतरला, आणि मोगल साम्राज्याच्या या श्रीमंत नगरीचे वर्णन लिहिताना त्याने जहाजे, जकात, शेठ-सावकार यांच्या जोडीने एका अशा गोष्टीची नोंद केली की जिच्याकडे इतिहासकाराचे लक्ष सहसा जात नाही. ती गोष्ट म्हणजे घर बांधण्याचा खर्च. या मुलखात दगड नाही, म्हणून विटा आणि चुना यांवर भिस्त ठेवावी लागते. लाकूड पुष्कळ लागते आणि ते दमणहून समुद्रमार्गे आणावे लागते, कारण देशातले लाकूड दूरवरून गाड्यांनी आणावयाचे तर ते त्याहूनही महाग पडते. साधे घर उभे करायचे म्हटले तरी नुसत्या विटांना पाच-सहाशे फ्रेंच लिव्र आणि चुन्याला त्याच्या दुप्पट, असा हिशेब त्याने मांडला आहे. असली घरे अर्थात धनवंतांची. गरीब माणसांची घरे बांबूंची असून ती ताडाच्या झावळ्यांनी शाकारलेली असतात, हेही त्याने पुढे नमूद केले आहे. सुरतेतील घराच्या किमतीविषयीची, सामान्य वाचकाला सहज समजेल अशी ही बहुधा सर्वांत जुनी नोंद असावी, आणि पुढील साडेतीनशे वर्षांचा वृत्तान्त ज्या दोन सुरतांमधून वाहत जातो, त्या विटांच्या सुरतेचे आणि बांबूंच्या सुरतेचे दर्शन या नोंदीतच घडते.

थेवनो येण्यापूर्वी दोनच वर्षे, जानेवारी १६६४ मध्ये, शिवाजी महाराजांनी हे शहर लुटले होते. मराठी वाचकाला तो प्रसंग शालेय वयापासून पाठ असतो: सुभेदार इनायतखान किल्ल्याचे दरवाजे लावून आत बसला, इंग्रज व डच आपापल्या वखारी सांभाळून राहिले, आणि विरजी व्होरा, हाजी जाहिद बेग यांच्यासारख्या कोट्यधीशांच्या हवेल्या खणून त्यांतील द्रव्य बाहेर काढण्यात आले. परंतु त्या चार-पाच दिवसांत शहरात जी आग लागली, तिच्यात वस्तीचा फार मोठा भाग जळाला, हे इंग्रजांच्या वखारीतील कागदपत्रांवरून दिसते, आणि दाटीने उभ्या असलेल्या बांबूंच्या घरांनी ती आग किती वेगाने पुढे नेली असेल याची कल्पना करणे अवघड नाही. त्या वेळी शहराला तट होता तो मातीचा. स्वारीनंतर औरंगजेबाच्या सरकारने विटांचा तट बांधविला, त्यास शहरपनाह म्हणत. पुढे अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, फर्रुखसियर बादशहाच्या अमदानीत, बाहेरच्या पुऱ्यांना कवेत घेणारा दुसरा तट उभा राहिला, तो आलमपनाह. तटाच्या आतली जागा आणि तटाबाहेरची जागा यांच्या मोलात जो फरक पडतो, तो सुरतेत येथून रूढ झाला. तट पडले, त्यांच्या रेषेवर रस्ते झाले, पण हद्दीच्या आत कोण आणि बाहेर कोण हा प्रश्न नाहीसा झाला नाही.

गोपीपुरा, बेगमपुरा, सैयदपुरा, हरिपुरा, महिधरपुरा, रुस्तमपुरा, सग्रामपुरा, नानपुरा, सलाबतपुरा अशी या शहरातील मोहल्ल्यांची नावेच सांगतात की ही वस्ती कोणा एका आराखड्याने झालेली नसून कोणी मुत्सद्दी, कोणी शेठ, कोणी जात-पंचायत यांनी आपापल्या आश्रितांसाठी वसविलेल्या पुऱ्यांची ती बेरीज आहे. घरे अरुंद दर्शनी बाजूची आणि खोलवर मागे जाणारी, दोन शेजाऱ्यांमध्ये सामाईक भिंत, पुढे ओटा, आत चौक, आणि खारट विहिरींच्या या गावात पावसाचे पाणी साठविण्यासाठी अनेक घरांच्या पोटात बांधलेले टाके. कारागिराचे घर हाच त्याचा कारखाना असे. जरीचा विणकर माग खाली ठेवी आणि वर राही, त्यामुळे घरभाडे आणि कामावर जाण्यायेण्याचा खर्च हे दोन वेगळे हिशेब त्याला ठाऊकच नव्हते. आज ही गोष्ट लहानशी वाटते, पण पुढच्या सगळ्या कथेत तिचे महत्त्व पटत जाईल.

अठरावे शतक सुरतेला उतरणीचे गेले. व्यापार मुंबईकडे वळला, १७५९ मध्ये किल्ला इंग्रजांच्या हाती गेला, १८०० मध्ये नबाबाचा उरलासुरला कारभारही गेला, आणि नदीचे मुख गाळाने भरत चालले. तरीही खरा आघात झाला तो २४ एप्रिल १८३७ रोजी, जेव्हा मच्छलीपीठ भागात लागलेली आग उन्हाळ्याच्या वाऱ्याबरोबर पसरत जाऊन तिने नऊ हजारांहून अधिक घरे भस्मसात केली. त्याच वर्षी पावसाळ्यात तापीला मोठा पूर आला आणि जे अग्नीने ठेवले ते पाण्याने नेले. पारशी आणि वाणी कुटुंबांतील किती तरी कर्ती माणसे त्यानंतर मुंबईला गेली ती तेथेच स्थायिक झाली. मुंबईच्या दलाल पेढ्यांतून आणि गिरण्यांतून ज्या सुरती आडनावांचा पुढे उत्कर्ष झाला, त्यांची जोती सुरतेच्या गल्ल्यांत रिकामी पडून होती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सव्वा लाखाच्या घरात अंदाजलेली लोकसंख्या शतकाच्या मध्यास ऐंशी हजारांच्या आसपास उतरली. अशा शहरात घर स्वस्त मिळते हे खरे. पण ज्या गावात मिळकत नाही त्या गावातील स्वस्त घराने कोणाचे भले होत नाही, आणि घरांच्या किमतीविषयी बोलताना केवळ आकडा पाहणारा मनुष्य फसतो, याचा हा पहिला धडा होय.

१८५२ मध्ये नगरपालिका स्थापन झाली, १८६० मध्ये रेल्वे आली, १८७७ मध्ये तापीवर होप पूल बांधला गेला, आणि तरीही शहर जणू थबकलेलेच राहिले. १९०१ च्या खानेसुमारीत लोकसंख्या १,१९,३०६ होती आणि १९३१ मध्ये तर ती एक लाखाच्याही खाली गेली. याच काळात दोन गोष्टी मात्र घडल्या, ज्यांचे फळ फार उशिरा आले. एक म्हणजे हिऱ्याला पैलू पाडण्याचा धंदा, जो विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आफ्रिकेहून परतलेल्या काही सुरतींनी येथे आणला. दुसरी म्हणजे १९०० च्या सुमारास पूर्ण झालेली तापी व्हॅली रेल्वे, जिने सुरतेला नंदुरबार, अमळनेर, जळगावशी जोडले. तापीच्या वरच्या अंगाला राहणारा खानदेशी शेतकरी आणि तापीच्या मुखाशी असलेले हे गुजराती शहर यांच्यामध्ये एका रात्रीचा प्रवास उरला. पुढे दुष्काळात, कर्जात, किंवा नुसत्या वाढत्या कुटुंबाच्या ओढाताणीत त्या गाडीत बसणे हा खानदेशातील हजारो घरांचा मार्ग ठरला.

शहर जागे झाले ते दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे. कृत्रिम रेशमाचा धागा आणि विजेवर चालणारा माग यांनी जुन्या विणकरांच्या गावाला नवा धंदा दिला. १९५१ मध्ये लोकसंख्या सव्वादोन लाखांच्या जवळ होती. १९६१ मध्ये २ लाख ८८ हजार, १९७१ मध्ये पावणेपाच लाखांच्या आसपास, १९८१ मध्ये पावणेआठ लाख, १९९१ मध्ये पंधरा लाख, २००१ मध्ये चोवीस लाखांहून अधिक आणि २०११ मध्ये पंचेचाळीस लाखांच्या जवळ. यातील काही वाढ हद्द विस्तारल्याने झालेली आहे हे ध्यानात घेऊनही, दर दहा वर्षांनी जवळजवळ दुपटीकडे झेपावणारे असे शहर भारतात विरळाच. सौराष्ट्रातून पाटीदार आले ते हिऱ्याच्या घंटीवर, म्हणजे पैलू पाडण्याच्या चक्रीवर, बसण्यासाठी, आणि १९८० च्या दशकातील लागोपाठच्या दुष्काळांनी त्यांचा ओघ दुणावला. त्यांनी वराछा आणि कतारगाम व्यापले. ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातून आणि उत्तर प्रदेश-बिहारमधून लूमवर आणि रंगाई-छपाईच्या मिलमध्ये काम करणारे आले. खानदेशातून आले ते लिंबायत, उधना, पांडेसरा, नवागाम, डिंडोली या दक्षिण-पूर्वेच्या पट्ट्यात स्थिरावले, जेथे आजही पालिकेच्या मराठी शाळा भरतात.

ही माणसे राहिली कोठे? या प्रश्नाचे उत्तर देताना आधी एका कायद्याचा उल्लेख करणे भाग आहे. सुरत १९६० पर्यंत मुंबई राज्यात होती, आणि मुंबईचा १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा तिलाही लागू होता. १ सप्टेंबर १९४० च्या भाड्याला प्रमाण मानून गोठविलेले भाडे हा युद्धोत्तर महागाईत भाडेकरूला मोठा आधार होता. परंतु त्यामुळे भाड्याने देण्यासाठी घर बांधण्याचा व्यवसाय हळूहळू आटला, आणि जुन्या शहरातील मालकाने भिंतीचा गिलावा पडला तरी हात लावावयाचा नाही असे ठरविले. याच काळात मध्यमवर्गाने सहकारी गृहनिर्माण संस्थांचा मार्ग धरला, आणि अठवा लाइन्सपासून पुढे बंगल्यांच्या व दुमजली घरांच्या सोसायट्या उठू लागल्या. नवागत कामगाराला या दोन्ही दारांतून प्रवेश नव्हता. जुने भाड्याचे घर रिकामे होत नव्हते आणि सोसायटीच्या सभासदत्वाला लागणारी रक्कम त्याच्या हयातीत जमणारी नव्हती.

मग एक तिसरे दार उघडले, आणि सुरतेच्या गृहेतिहासातले सर्वांत महत्त्वाचे प्रकरण मी यालाच समजतो. शहराच्या सीमेवरील शेतकऱ्याची जमीन, जी कूळकायद्याप्रमाणे शेतकऱ्यालाच विकता येत असे आणि बिनशेती परवानगीवाचून जिच्यावर घर बांधता येत नसे, ती एखादा मध्यस्थ घेई. चुन्याच्या रेघा मारून तिचे लहान लहान तुकडे पाडी. मधून गाडी जाईल न जाईल एवढा रस्ता सोडी. एखाद्या देवाच्या नावाने सोसायटीची पाटी लावी. आणि मुद्रांकाच्या कागदावर साठेखत, सोबत कुलमुखत्यारपत्र, एवढ्या ऐवजावर तो तुकडा हप्त्याहप्त्याने विके. सातबाराच्या उताऱ्यावर जुन्या खातेदाराचे नाव तसेच राही. खरेदीखत नाही म्हणून बँकेचे कर्ज नाही, कर्ज नाही म्हणून घर एकदम होत नाही. आधी पत्रे, चार वर्षांनी विटा, मुलगा कमवू लागल्यावर स्लॅब, आणि स्लॅब पडला की वरची खोली भाड्याने, अशा क्रमाने ही घरे वाढली. हा व्यवहार बेकायदा होता. पण सुरतेच्या कामगाराला परवडेल असे घर मोठ्या संख्येने जर कोणी पुरविले असेल, तर ते सरकारने नव्हे, गृहनिर्माण मंडळाने नव्हे, तर या कच्च्या कागदांच्या बाजाराने पुरविले, हे मान्य केल्यावाचून पुढचे काहीच समजत नाही. लिंबायतेतील किती तरी मराठी कुटुंबांचे सुरतेतील मूळ अशाच एखाद्या घडी पडून फाटलेल्या कागदात आहे.

ज्यांना हेही शक्य नव्हते ते खाड्यांच्या आणि नदीच्या काठी, रेल्वेच्या कडेला झोपड्या बांधून राहिले. १९९० च्या दशकात अशा सुमारे तीनशे वस्त्या शहरात मोजल्या गेल्या. आणि जे कुटुंब मागे ठेवून आले, विशेषतः ओडिशाचे लूम-कामगार, ते मेसमध्ये राहिले: एका मोठ्या खोलीत अनेक जण, जेवणासकट ठरलेला मासिक आकार, आणि बारा-बारा तासांच्या दोन पाळ्यांमुळे एकाच अंथरुणावर दिवसा एक आणि रात्री दुसरा. दक्षिण गुजरातमधील श्रमिकांचा आयुष्यभर अभ्यास करणारे डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी या जीवनाचे जे वर्णन केले आहे ते वाचवत नाही. २०११ च्या जनगणनेत सुरत शहरात दर हजार पुरुषांमागे केवळ ७५६ स्त्रिया आढळल्या. एवढ्या लाखो पुरुषांना आपले कुटुंब जवळ ठेवण्याजोगी खोली या शहराने दिली नाही, असा त्या आकड्याचा अर्थ आहे.

आता विटांच्या सुरतेकडे वळू. १९६६ मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली, १९७८ मध्ये नगरविकास प्राधिकरण आले, आणि १९७६ च्या गुजरात नगररचना कायद्याने जुन्या मुंबई इलाख्यातील १९१५ पासून चालत आलेली नगररचना-योजनेची पद्धत अधिक बळकट केली. महाराष्ट्रात ही पद्धत पुढे मागे पडली, म्हणून ती थोडी उलगडून सांगितली पाहिजे. एखाद्या भागातील सर्व शेतकऱ्यांची जमीन सक्तीने संपादन न करता कागदावर एकत्र करावयाची. वाकड्यातिकड्या बांधांच्या जागी सरळ भूखंड आखावयाचे. रस्ते, बागा, शाळा आणि पालिकेने विकून खर्च भागवावयाची जागा यांसाठी प्रत्येकाच्या जमिनीतून सुमारे पस्तीस-चाळीस टक्के कापून घ्यावयाची. आणि उरलेली जमीन अंतिम भूखंड म्हणून मूळ मालकालाच परत द्यावयाची. क्षेत्र घटते, पण रस्त्याला लागून आलेल्या त्या घटलेल्या क्षेत्राची किंमत आधीच्या सबंध शेतापेक्षा कितीतरी अधिक होते, म्हणून मालक विरोध करीत नाही. १९७६ च्याच कमाल नागरी जमीनधारणा कायद्याने पुष्कळ जमिनी वर्षानुवर्षे दाव्यांत अडकविल्या होत्या. गुजरातने तो १९९९ मध्ये सोडला, महाराष्ट्राने २००७ मध्ये. मुंबईच्या मानाने सुरतेत मध्यमवर्गीय सदनिका स्वस्त राहिली याची कारणे अनेक आहेत, शहराभोवती मोकळे सपाट रान होते हे त्यांतले एक; पण त्या रानाचे बांधता येण्याजोग्या भूखंडांत रूपांतर करणारे एक चालते यंत्र सुरतेजवळ होते, हे कारण मला सर्वांत वजनदार वाटते.

गुजरातच्या नगररचना कायद्यात आणखी एक तरतूद आहे. योजनेतील एकूण क्षेत्राच्या दहा टक्के किंवा त्याच्या जवळपास जागा सामाजिक व आर्थिक दृष्ट्या मागासलेल्या वर्गाच्या घरांसाठी राखावी. ही तरतूद वाचकाने लक्षात ठेवावी.

जमिनीचा पुरवठा वाढविणारे दुसरे कारण म्हणजे तापीवरील उकाई धरण. १९६८ च्या महापुराची आठवण ताजी असतानाच १९७२ मध्ये ते पूर्ण झाले, आणि तापी आता माणसाच्या हुकुमात आली असा विश्वास लोकांत उत्पन्न झाला. नदीच्या उजव्या तीरावरील रांदेर आणि अडाजणची शेते, जेथे पूर्वी शहाण्या माणसाने जोते घातले नसते, ती बांधकामाला खुली झाली. १९९० च्या दशकात सरदार पुलाने अठव्याहून पलीकडे जाणे सुकर केल्यावर तर तेथे बहुमजली इमारतींची रांग लागली. पुरापासून मिळालेले संरक्षण प्रत्येक सदनिकेच्या किमतीत मिळविले गेले. पुराचा उरलेला धोका मात्र कोणाच्याच हिशेबात धरला गेला नाही.

सप्टेंबर १९९४ मध्ये आधी तापीचे पाणी सखल वस्त्यांत शिरले आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत वेड रोड व कतारगामच्या परिसरात फुप्फुसाच्या प्लेगचे रोगी आढळले. मृत्यू पन्नासच्या आसपास नोंदले गेले, पण भय अमर्याद होते. दोन-चार दिवसांत लाखो माणसे मिळेल त्या गाडीने शहर सोडून गेली आणि लूम, घंट्या, बाजार सारे स्तब्ध झाले. ज्यांच्या श्रमावर शहर चालते त्यांच्या वस्तीची घाण ही अखेर सर्वांच्याच दारी येते, हे त्या आठवड्याने शिकविले. मे १९९५ मध्ये आयुक्त म्हणून आलेल्या एस. आर. राव यांनी शहराचे सहा विभाग पाडून प्रत्येकाला स्वतंत्र अधिकार दिले, वरिष्ठ अधिकाऱ्यांना रोज सकाळी रस्त्यावर उतरविले, रुंदीकरणाच्या आड येणारी बेकायदा बांधकामे पाडताना धनिकांपासून आरंभ केला, आणि झोपडवस्त्यांत फरसबंदी, नळ व गटारे नेली. अवघ्या दोन वर्षांत सुरत देशातील स्वच्छ शहरांच्या पहिल्या रांगेत गणली गेली. नागरी कारभाराच्या इतिहासात इतके जलद आणि इतके लोकमान्य परिवर्तन फार थोडे झाले आहे, आणि त्याबद्दल राव यांचे ऋण सुरत मानते ते योग्यच आहे. परंतु स्वच्छ झालेल्या शहरात राहण्यास माणसे अधिक मोल देतात. रुंद रस्त्याला लागून असलेली जमीन महाग होते. आणि नदीकाठ नीटनेटका झाला की तेथील झोपडी अधिकच खुपू लागते.

२६ जानेवारी २००१ च्या भूकंपाने सुरतेतही इमारती पाडल्या आणि काही काळ लोक उंच मजल्यांना भ्याले; ती भीती फार टिकली नाही. २००६ हे वर्ष मात्र अविस्मरणीय ठरले. त्या वर्षी महापालिकेची हद्द ११२ चौरस किलोमीटरांवरून ३२६ चौरस किलोमीटरांवर गेली, म्हणजे जवळजवळ तिप्पट शहर एका आदेशाने निर्माण झाले. आणि त्याच वर्षी ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात उकाईतून सुमारे नऊ लाख क्युसेकपर्यंत पाणी सोडावे लागून शहराचा तीन-चतुर्थांश भाग बुडाला. अडाजण आणि रांदेरच्या सदनिकांत तळमजल्यावरचे संसार पहिल्या मजल्याच्या शेजाऱ्यांकडे दिवसचे दिवस राहिले, आणि काठावरच्या झोपड्या तर उरल्याच नाहीत. पुरानंतर नदीकाठचे बांध उंचावण्यात आले, आणि नदीकाठच्या वस्त्या हलविण्याला सुरक्षेचे एक सबळ कारण मिळाले.

केंद्राच्या नागरी नवीकरण मोहिमेखाली सुरतेला गरिबांसाठी चाळीस हजारांहून अधिक घरे मंजूर झाली. देशातील मोठ्या मंजुरींपैकी ही एक होती, आणि महापालिकेने ती घरे प्रत्यक्ष बांधलीही, हे तिच्या कर्तबगारीचे द्योतक आहे. यांतला सर्वांत मोठा समूह उभा राहिला तो नदीच्या उत्तरेस, अमरोलीच्या पलीकडे, कोसाड येथे. पक्के छप्पर, स्वतंत्र संडास, नावावर कागद, ही तिन्ही सुखे झोपडीवासीयाला आयुष्यात प्रथमच मिळाली. पण धुण्याभांड्याला जाणाऱ्या बाईची घरे अठव्याला राहिली आणि ती स्वतः कोसाडला गेली. रोज बांधकामाच्या नाक्यावर उभा राहणारा मजूर पहाटेचा तास प्रवासात घालवू लागला. मागाच्या वरच राहणाऱ्या जुन्या विणकराला जो खर्च ठाऊक नव्हता, तो आता घराच्या खऱ्या किमतीचा मोठा भाग झाला, आणि सरकारी हिशेबात त्याला कोठेही रकाना नव्हता.

त्यानंतरच्या तेजी-मंदीचा वृत्तान्त थोडक्यात आटोपता येतो. सुरतेत जमिनीतला पैसा हा हिरे आणि कापड यांतलाच पैसा असतो. धंद्यातला नफा वेसू, पाल, अडाजणच्या सदनिकांत आणि दुकानगाळ्यांत गुंततो, आणि धंदा बसला की तोच पैसा बाहेर काढण्याची घाई होते. २००८ च्या अखेरीस जगातील मंदीने हजारो रत्नकलाकार, म्हणजे हिऱ्याला पैलू पाडणारे कारागीर, बेकार झाले, तेव्हा वराछा-कतारगाममध्ये घरांच्या हप्त्यांचा प्रश्न उभा राहिला. नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी, मे २०१७ पासून लागू झालेला स्थावर संपदा कायदा आणि जुलै २०१७ चा वस्तू व सेवा कर, ज्याविरुद्ध कापडबाजार त्याच महिन्यात दीर्घकाळ बंद राहिला, या तिन्हींनी रोखीत चालणाऱ्या व्यवहाराला मोठा हादरा दिला. सरकारी मूल्यदर, ज्याला तेथे जंत्री म्हणतात, २०११ पासून जागचा हलला नव्हता. एप्रिल २०२३ मध्ये तो एकदम दुप्पट करण्यात आला. डिसेंबर २०२३ मध्ये खजोद येथे चार हजारांहून अधिक कार्यालये असलेला हिरे बाजार उघडला, आणि त्याच्या अपेक्षेने त्या बाजूच्या जमिनी कित्येक वर्षे आधीच चढून बसल्या होत्या. प्रत्यक्षात त्याच सुमारास हिऱ्यांची मागणी ढासळली आणि कार्यालये भरण्यास विलंब लागला.

या सर्व काळात घरे बांधली गेली नाहीत असे नाही. २०११ च्या जनगणनेत देशातील शहरांत सुमारे एक कोटी दहा लाख घरे रिकामी आढळली. पुढल्याच वर्षी सरकारने नेमलेल्या तज्ज्ञ गटाने शहरांतील घरांची तूट एक कोटी सत्याऐंशी लाखांच्या वर ठरविली, आणि त्या तुटीपैकी पंचाण्णव टक्क्यांहून अधिक भाग दुर्बल व अल्प उत्पन्न गटांचा होता. रिकामी घरे आणि बेघर माणसे एकाच शहरात एकाच वेळी असू शकतात, कारण गुंतवणुकीसाठी बांधलेली सदनिका भाड्याने न देणे मालकाला परवडते आणि कामगाराला तिचे भाडे परवडत नाही. सुरत याला अपवाद नाही. उलट इतक्या सहज जमीन उपलब्ध होणाऱ्या शहरातही असे घडावे, यावरून केवळ पुरवठा वाढविला की सर्वांना घर मिळते हे मत किती अपुरे आहे ते दिसते. शहराची हद्द २०२० मध्ये आणखी वाढून सुमारे ४६२ चौरस किलोमीटर झाली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये, टाळेबंदीत मेसच्या खोल्यांत कोंडलेले लूम-कामगार लसकाणा भागात रस्त्यावर उतरले, तेव्हा त्यांची मुख्य मागणी होती, आम्हाला गावी जाऊ द्या.

आणि ६ जुलै २०२४ रोजी सचिन या उपनगराजवळच्या पाली येथे कामगार भाडेकरूंची एक सहा मजली इमारत भर दुपारी कोसळून सात जण मृत्युमुखी पडले. ती बांधून दहा वर्षेही झाली नव्हती. थेवनोने पाहिलेली बांबूंची घरे निदान अंगावर पडली तरी माणूस वाचत असे.

सुरतेच्या नगररचनेने मध्यमवर्गाला घर दिले, महापालिकेने झोपडीवासीयाला पुष्कळ अंशी घर दिले, आणि हे दोन्ही इतर महानगरांनी शिकण्यासारखे आहे. दिले नाही ते भाड्याचे घर: लूमपासून चालत जाण्याच्या अंतरावर, कुटुंबाला राहता येईल असे, पुराच्या रेषेबाहेरचे, साध्या पगारात बसणारे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. नगररचना-योजनांतील राखीव दहा टक्के जागा पांडेसरा, उधना, सचिन, लिंबायत या कारखान्यांलगतच्या योजनांतही आहे. तिच्यावर विकावयाची घरे न बांधता महापालिकेने स्वतःच्या मालकीची भाड्याची घरे बांधावी, आणि कारखानदारांकडून त्याचा वाटा वसूल करावा, हे आजच्या आज करता येण्याजोगे आहे. खानदेशातून आजही त्या गाडीने सुरतेला जाणाऱ्या तरुणाचे हित ज्यांना आपले वाटते, त्या जळगाव-धुळे-नंदुरबारच्या लोकप्रतिनिधींनी आणि सुरतेतील मराठी मंडळांनी ही मागणी गांधीनगरापर्यंत नेली पाहिजे. जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारने स्थलांतरित कामगारांसाठी परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना सुरू केली, आणि तिच्याखाली सुरतेत रिकाम्या पडलेल्या सरकारी घरांपैकी जी भाड्याने देण्यासाठी घेतली गेली त्यांची संख्या ३९३ आहे.